ढालीची निवड

ढाल कोणती घ्यावी, हा प्रश्न वलगांवांत राहणाऱ्या एका निवृत्त गणितशिक्षकास पडावा असें वास्तविक कांहीं कारण नाहीं. आमच्या गांवांत आतां ढाल दिसते ती शाळेच्या कांचेच्या कपाटांत. कबड्डीच्या सामन्यांत कोणे एके काळीं मिळालेली, पितळी पत्रा काळवंडलेली. परंतु गेलीं सात-आठ वर्षें हा प्रश्न मजपुढें आठवड्यांतून दोन-तीन रात्री तरी उभा राहतो, आणि त्याचा मी ज्या गांभीर्यानें विचार करतों तें पाहून घरांतून अभिप्राय येतो, कीं थोरलीचें स्थळ पाहतांनासुद्धां तुम्हीं इतके कागद काळे केले नव्हते. अभिप्राय खरा आहे. स्थळाच्या बाबतींत आंकडे थोडे होते.

प्रश्न आकाशांतल्या जहाजाच्या ढालीचा आहे. ‘ईव्ह ऑनलाइन’ नांवाचा संगणकावरचा एक खेळ आहे. आइसलंडची राजधानी रेक्याविक येथील ‘सीसीपी’ नांवाच्या कंपनीनें तो ६ मे २००३ रोजीं जगापुढें ठेवला. सात हजारांहून अधिक सूर्यमालांचें एक कल्पित विश्व. त्यांत खाणी खणणारे, माल वाहणारे, बाजारांत सट्टा करणारे, लुटारू, आणि स्वतःस राजे म्हणवून घेणारे असे देशोदेशींचे हजारों लोक एकाच वेळीं वावरत असतात. हें सारें विश्व लंडनमधल्या यंत्रांवर चालतें, आणि ग्रीनिचच्या घड्याळांत सकाळचे अकरा वाजले म्हणजे झाडलोटीसाठीं तें रोज थोडा वेळ बंद होतें. तेव्हां आपल्याकडे साडेचार वाजलेले असतात. विश्वाच्या चालकांनीं वऱ्हाडांतल्या चहाची वेळ इतकी अचूक ओळखावी याचें मला अजून कौतुक वाटतें.

या खेळाचा एक नियम इतर खेळांहून निराळा आहे, आणि सगळी गोष्ट त्या नियमावर उभी आहे. येथें गेलेलें जहाज परत येत नाहीं. दुसऱ्या खेळांत मेलेला वीर क्षणभरानें अंग झटकून उठतो. येथें महिनोन् महिने खपून, सुटे भाग बाजारोबाजार हिंडून जमवून उभें केलेलें जहाज दोन मिनिटांत फुटतें, आणि मागें जे अवशेष उरतात ते बहुधा शत्रूच उचलून नेतो. विमा असतो; पण विम्याची रक्कम आणि जहाजाची किंमत यांत जें अंतर पडतें तें आमच्या शेतकऱ्यांस नवें नाहीं.

मी या विश्वांत गेलों तो हौसेनें नव्हे. २०१७ सालीं विदर्भांत कपाशीवर गुलाबी बोंडअळी पडली. बाहेरून हिरवींगार आणि आंतून पोखरलेलीं तीं बोंडें मीं हातांत घेऊन फोडून पाहिलीं आहेत. धाकट्या भावाची चार एकरांची कपाशी तिनें नेली. त्याचा मुलगा त्या वेळीं अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षाला होता. फीचा प्रश्न माझ्या भविष्यनिर्वाह निधीनें सोडविला; पण त्या मुलाचें बोलणें जें बंद झालें तें कांहीं केल्या सुटेना. सुट्टींत घरीं आला कीं जेवणापुरता बाहेर येई, ‘हूं’ आणि ‘नाहीं’ एवढ्या दोन शब्दांवर दिवस काढी, आणि उरलेला वेळ खोलीचें दार लावून त्या काळ्या आकाशांत घालवी. भावाला वाटे, पोरगा वायां गेला. मला तसें वाटलें नाहीं. ज्याला हाक मारायची तो ज्या गांवीं गेला असेल त्या गांवीं जाऊन मारावी, एवढाच विचार करून मीं एके दिवशीं त्याच्या दारावर टकटक केली आणि म्हटलें, “मलाहि एक जहाज दे.” तो हंसला. किती महिन्यांनीं हंसला, तें त्याच्या आईनें मोजून ठेवलें होतें. नवख्यास पहिलें जहाज फुकटच मिळतें, हें मला नंतर कळलें.

तर आतां ढालीकडे वळूं. प्रत्येक जहाजास संरक्षणाचे तीन थर असतात. सर्वांत बाहेर ढाल, तिच्या आंत चिलखत, आणि चिलखताच्या आंत जहाजाचा सांगाडा. चिलखत झिजलें कीं दुरुस्त केल्यावांचून भरून येत नाहीं. सांगाड्याचें तर बोलायलाच नको. ढालीचा मात्र गुण असा, कीं ती आपली आपण भरून येते. कशी भरते, यांत खरी मौज आहे. ती एका वेगानें भरत नाहीं. पूर्ण भरत आली कीं वेग मंदावतो. उतरत जाते तसतसा वाढतो. आणि सुमारें चतुर्थांश ढाल उरली असतां तो सर्वांत अधिक, म्हणजे सरासरीच्या अडीचपट असतो. हें मीं प्रथम वाचलें तेव्हां मला आमच्या मळ्यांतली विहीर आठवली. तुडुंब विहिरीला झरे जोर करीत नाहींत. उपसा करावा, पाणी खालीं जावें, म्हणजे ते धांवून येतात. ज्यानें उन्हाळ्यांत विहीर उपसली आहे त्याला या खेळाचें हें गणित शिकवावें लागत नाहीं. पुढचा भाग मात्र विहिरीसारखा नाहीं. चतुर्थांशाच्या खालीं ढाल उतरली कीं तिचे झरे एकाएकीं आटूं लागतात, आणि मग ती सांवरणें कठीण. म्हणून मुरलेला खेळाडू ढाल तीस टक्क्यांवर आली तरी स्वस्थ बसतो आणि वीसवर आली कीं पळ काढतो. या दहा टक्क्यांच्या पट्टींत माणसाचा स्वभाव जितका कळतो तितका तीस वर्षें शेजारीं राहूनहि कळत नाहीं, असा माझा अनुभव आहे.

ढाल बळकट करायची तर ती नुसती जाड करतां येते. त्यासाठीं विस्तारक मिळतात. किंवा जहाजाच्या विजेच्या सांठ्यावर चालणारा एक पंप बसवून ती लढाई चालू असतांनाच भरतां येते. किंवा येणाऱ्या माऱ्याची धारच बोथट करतां येते. मी पहिल्या पंथाचा. जाड ढाल, संथपणें भरणारी, कोणाच्या हाताची वाट न पाहणारी. या पंथाला एक दोष आहे, तो लपविण्यांत अर्थ नाहीं. ढाल जाड केली कीं जहाज शत्रूच्या यंत्रांस मोठें दिसूं लागतें, आणि मोठ्या तोफांचा मारा त्याला अधिक नेमका लागतो. पुतण्या मला पहिल्याच महिन्यांत म्हणाला होता, “येवढी ढाल लावता काकाजी, का आंधयालेबी दुरून दिसता.”

पंपाचा पंथ तरुणांचा. त्यांत हात चपळ हवा, विजेचा सांठा सांभाळायला हवा, आणि शत्रूनें तो सांठाच शोषून घेतला तर काय करायचें याचें उत्तर आधींच तयार हवें. शिवाय वीज हवी. जहाजांतली नव्हे, वलगांवांतली. आमच्याकडे ती पावसाळ्यांत आभाळ भरून आलें एवढ्या कारणावरूनहि जाते. इकडे दिवा गेला, संबंध तुटला, कीं तिकडे जहाज लगेच अदृश्य होत नाहीं. माणसांशीं लढाई जुंपलेली असेल तर तें पंधरा मिनिटेंपर्यंत आकाशांत धनी नसल्यासारखें उभें राहतें. अशा वेळीं पंप चालवायला कोण आहे? माझी ढाल मात्र अंधारांतहि आपली आपण झिरपत असते. दोनदां मी मेणबत्ती विझवून परत आलों तेव्हां माझें जहाज जखमी पण जागच्या जागीं होतें. ज्या पंडितांनीं या खेळावर मोठमोठे तक्ते मांडले आहेत त्यांच्या तक्त्यांत भारनियमनाचा रकाना नाहीं. ते लोक बहुधा अशा देशांत राहतात जेथें त्याची गरज नसावी.

बाहेरच्या लोकांस वलगांव ठाऊक आहे तें निराळ्या कारणासाठीं. येथें पेढी नदीच्या कांठीं २० डिसेंबर १९५६ रोजीं गाडगे महाराजांनीं देह ठेवला. हातांत खराटा आणि एक फुटकें गाडगें, एवढ्या सामानावर ज्यानें सगळा महाराष्ट्र पायांखालीं घातला, त्याच्या अखेरच्या गांवीं बसून मी रात्रीं अकरा वाजतां ढालींचे बाजारभाव पाहतों, याची मला अधूनमधून मौज वाटते. असो.

तिसरा पंथ धार बोथट करणारांचा. पुतण्या त्या पंथाचा, आणि आमचा खरा वाद येथें आहे. या विश्वांतला मारा चार जातींचा असतो: विद्युत्चुंबकीय, औष्णिक, आघाती आणि स्फोटक. कांहींहि न बसविलेली साधी ढाल पहिल्या जातीला मुळींच विरोध करीत नाहीं. दुसऱ्या जातीचा पांचवा हिस्सा गिळते, तिसऱ्या जातीचे शेंकडा चाळीस, आणि चौथ्या जातीचा निम्मा. म्हणजे दहा हजारांची ढाल स्फोटक माऱ्यापुढें वीस हजारांची ठरते आणि विद्युत्चुंबकीय माऱ्यापुढें दहाचीच राहते. चिलखताचा स्वभाव याच्या उलट. हें ढालीचें जन्मजात भोंक होय. तें बुजवायचीं साधनें मिळतात. एक बसविलें कीं मारा, समजा, निम्मा होतो. मग तसेंच दुसरें बसविलें तर? गणित न जाणणारा म्हणेल, मारा शून्य. गणित जाणणारा म्हणेल, निम्म्याचा निम्मा, म्हणजे शंभरास पंचवीस. खेळाचे कर्ते याहूनहि कंजूष आहेत. एकाच कामाचीं साधनें एकावर एक चढविलीं तर दुसऱ्याचा गुण शेंकडा ८७, तिसऱ्याचा ५७ आणि चौथ्याचा २८ एवढाच धरला जातो. त्यामुळें शंभराचा मारा पहिल्या साधनानें ५० वर येतो, दुसऱ्यानें २८ वर, तिसऱ्यानें २० वर आणि चौथ्यानें १७ वर. चौथें साधन विकत घेणारा खेळाडू पाहिला कीं मला आमच्या शाळेंतले ते पालक आठवतात, जे मुलाला एकाच विषयाच्या तीन शिकवण्या लावून चौथीच्या चौकशीस येत.

आणि जागा मोजक्या. ढालीचीं बहुतेक यंत्रें जहाजाच्या मधल्या रांगेंत बसतात. पळायचें यंत्र आणि शत्रूला धरून ठेवायचें यंत्र हींहि त्याच रांगेंत. प्रत्येक ढाल कोणत्या तरी पायाची किंवा हाताची जागा घेऊन बसते.

पुतण्या म्हणतो, शत्रू ओळखा आणि त्याच्यापुरतें भोंक बुजवा. यंत्रानें चालविलेल्या लुटारूंच्या बाबतींत त्याचें म्हणणें निर्विवाद आहे. ‘सांशा’ आणि ‘ब्लड रेडर’ या टोळ्या विद्युत्चुंबकीय व औष्णिक मारा करतात, ‘गुरिस्टा’ आघाती व औष्णिक, ‘एंजल’ स्फोटक व आघाती. त्यांच्या संवयी वर्षानुवर्षें बदलत नाहींत. पण पलीकडे माणूस असला म्हणजे? लेसरची तोफ पहिल्या दोन जातींपलीकडे जाऊं शकत नाहीं हें खरें. परंतु क्षेपणास्त्रें सोडणारा चारांपैकीं हवी ती जात भरतो, आणि त्याला दहा सेकंद पुरतात. तुम्हीं कोणतें भोंक बुजविलें तें त्याला कळलें, कीं त्याच क्षणीं त्याला उरलेलीं भोंकेंहि कळतात.

हा वाद पुष्कळ वेळां गाविलगडावर जाऊन ठेपे. वलगांवाहून परतवाड्याच्या रस्त्यानें पुढें चिखलदऱ्यास जावें, कीं हा किल्ला. १८०३ च्या डिसेंबरांत आर्थर वेलस्लीच्या फौजांनीं त्याच्या उत्तरेकडून तोफा लावून बाहेरच्या कोटास भगदाड पाडलें, आणि १५ तारखेस त्या वाटेनें बाहेरचा किल्ला घेतला. आंतल्या किल्ल्याचा दरवाजा मात्र दाद देईना. तेव्हां कॅप्टन कॅम्पबेलची तुकडी घळींतून वर चढली, आंतल्या भिंतीला शिड्या लावून पलीकडे उतरली, आणि दरवाजा आंतून उघडला गेला. किल्लेदार बेणीसिंग पडला. दोनच दिवसांनीं नागपूरकर भोसल्यांस देवगांवचा तह करावा लागला. पुतण्या म्हणतो, दरवाज्यावर चार साधनें चढविलीं आणि भिंतीवर एकहि नाहीं, तर आणखी काय व्हायचें? मी म्हणतों, भिंत शिडीला पुरून उरली असती तर घळीची आठवणच कोणाला झाली नसती. अमरावतीचा परकोट मात्र तो माझ्या तोंडावर फेंकतो, आणि तेथें मला गप्प बसावें लागतें. निजामाच्या अमलांत, एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीं, पेंढाऱ्यांच्या भयानें तो बांधूं लागले. पेंढारी घोड्यावरून येई, तोफा ओढीत नसे, आणि वेढा घालून बसण्याइतका त्याला धीर नसे. अशा शत्रूला घोडा उडी मारणार नाहीं एवढी दगडी भिंत आणि रात्रीं लागणारे दरवाजे पुरेत. जवाहर दरवाजा, अंबा दरवाजा, नागपुरी दरवाजा हे अजून उभे आहेत. शत्रू ओळखून घेतलेली ढाल ती हीच, असें म्हणून पुतण्या विजयानें कॉफी मागतो.

परंतु ज्या रात्रीसाठीं मीं हा लेख लिहावयास घेतला ती या वादाच्या आधींची, आम्हीं नुकतीं बरोबर जहाजें हांकूं लागलों होतों तेव्हांची. पुतण्यानें चार महिन्यांच्या कमाईचें नवें जहाज बांधलें होतें. सांशाच्या टोळीवर जायचें म्हणून विद्युत्चुंबकीय भोंक दुहेरी बुजविलें होतें. सांशापर्यंत तो पोंचलाच नाहीं. वाटेंतल्या एका वेशीपाशीं तिघे माणूस-लुटारू टपून होते. त्यांच्या तोफा औष्णिक आणि आघाती माऱ्याच्या. मी एक सूर्यमाला मागें होतों. मला फक्त आंकडे दिसले: साठ, चाळीस, पंचवीस, आणि मग कांहीं नाहीं.

तो आपल्या खोलींत, मी माझ्या. मध्यें एक भिंत. आतां दाराची कडी लागेल आणि आठ दिवस उघडणार नाहीं, असें मला वाटलें. मिनिटभरानें माझ्या पडद्यावर अक्षरें उमटलीं. “बाबाचंबी असंच झालं, काकाजी. अळीसाठीच तर थे बियाणं घेतलं होतं.”

त्या प्रसंगाविषयीं त्याच्या हातून बाहेर पडलेलें हें पहिलें वाक्य. समोरासमोर तें कधींच आलें नसतें. मीं उत्तर देण्यास वेळ घेतला, कारण सांत्वन करावें असें मनांत येत होतें आणि सांत्वन त्याला नको होतें. मीं त्याला गणितच सांगितलें. बाबाचें तसें झालें नाहीं, म्हटलें. तूं ज्या शत्रूसाठीं ढाल घेतलीस तो आला नाहीं, दुसराच आला. बाबाकडे तोच आला. २००२ सालीं बीटी कपाशीस आपल्या देशांत परवानगी मिळाली, २००६ सालीं दोन जनुकांची जात आली. हीं बियाणीं बोंडअळ्यांसाठीं होतीं. मावा, तुडतुडे, पांढरी माशी हीं भोंकें तेव्हांहि उघडींच होतीं आणि त्यांसाठीं फवारण्या होत्याच. त्याच २०१७ सालीं यवतमाळकडे फवारणीच्या विषानें शेतकरी-मजूर दगावले, तेंहि त्याला ठाऊक होतें. पण गुलाबी अळीपुढें ही ढाल पहिलीं कित्येक वर्षें खरीच चालली. मग अळीच बदलली. ज्या थोड्या अळ्या त्या विषाला पुरून उरल्या त्यांचीच प्रजा वाढत गेली.

आणि हें होऊं नये म्हणून एक उपाय प्रथमपासून सांगितलेला होता, हेंहि मीं लिहिलें. बीटी कपाशीच्या भोंवतीं साध्या कपाशीच्या पांच ओळी, अथवा एकंदर क्षेत्राच्या शेंकडा वीस, यांपैकीं जें अधिक तितकी जागा लावायची. ती जागा अळीला मोकळी. तेथें जगलेले साधे पतंग शेतांतल्या कणखर पतंगांशीं संकर करतात आणि प्रजेंत तो कणखरपणा पातळ होत राहतो. बियाण्याबरोबर त्यासाठीं साध्या बियाण्याची वेगळी पुडी येई. ती पुष्कळांनीं पेरलीच नाहीं. ज्याच्या पोटाला चार एकरच आहेत त्यानें बत्तीस गुंठे अळीला दान करावेत, हें सांगायला सोपें आहे. बांधावर उभें राहून करायला सोपें नाहीं. भावाला मी यांत कधींच दोष दिला नाहीं, आणि त्या रात्रीं मला मुलानेंहि तो देऊं नये असें वाटत होतें.

पलीकडून बराच वेळ कांहीं आलें नाहीं. मग प्रश्न आला: “म्हंजे भोक ठेवलं तरच ढाल टिकते?” मीं लिहिलें, कपाशींत तसें आहे, या खेळांत नाहीं, येथल्या गोळ्यांना पिल्लें होत नाहींत. त्यावर त्यानें हंसण्याचें एक चित्र पाठविलें. पुढचा तासभर तो लिहीत होता. काय लिहिलें तें येथें सांगण्याचें कारण नाहीं. त्यांतला बराचसा भाग कॉलेज, मेसचे पैसे आणि बाप यांविषयीं होता, आणि दुसऱ्या दिवशीं सकाळीं तो ओट्यावर बापाशेजारीं येऊन बसला, एवढें पुरे.

भावाला या खेळाचें वावडें होतें तें एका बातमीनें गेलें. २७ जानेवारी २०१४ रोजीं या विश्वांतल्या ‘बी-आर५आरबी’ नांवाच्या सूर्यमालेंत एक युद्ध जुंपलें, तें सुमारें एकवीस तास चाललें. ज्यांना बांधायलाच महिने लागतात अशीं ‘टायटन’ जातीचीं पंचाहत्तर जहाजें त्यांत फुटलीं. कारण काय, तर त्या मालेवरचा हक्क राखण्यासाठीं भरायचा हप्ता वेळेवर भरला गेला नाहीं, आणि शत्रूनें तो क्षण साधला. ढाली, चिलखतें, तोफा, सगळें जागच्या जागीं होतें. ही हकीकत भावानें मोठ्या एकाग्रतेनें ऐकली, आणि पहिला प्रश्न विचारला तो असा: “हप्ता केवढ्याचा होता?” तेव्हांपासून तो अधूनमधून माझ्या खांद्यावरून पडद्याकडे पाहतो.

पुतण्या आतां पुण्यास नोकरीला आहे. शेत भावाकडेच, दोन एकर कपाशी, तिच्यांत तुरीच्या ओळी, बाकीच्यांत सोयाबीन. रविवारीं रात्रीं तिघांचीहि गांठ पडते, ती पृथ्वीवर नव्हे. माझें जहाज ‘ड्रेक’ जातीचें आहे. आपोआप भरणाऱ्या ढालीबद्दल ही जात पहिल्यापासून नांवाजलेली. तिच्या मधल्या रांगेंत सहा जागा. येत्या रविवारीं आम्हांला माल घेऊन अशा मुलखांतून जायचें आहे जेथें सांशाहि आहेत आणि माणसेंहि. पांच जागा ठरल्या: तीन विस्तारक माझे, एक साधन विद्युत्चुंबकीय भोंकासाठीं त्याचें, आणि एक पळायचें यंत्र, त्याबद्दल दोघांचेंहि एकमत. सहाव्या जागेवरून गेला आठवडा फोन चालू आहेत. त्याला तेथें औष्णिक माऱ्याचें साधन हवें, मला चौथा विस्तारक. काल भाऊ मध्येंच म्हणाला, “राहू द्या नं थे जागा रिकामी.” रिकाम्या जागेचा या खेळांत कांहीं उपयोग नसतो, हें मी त्याला कालपासून समजावून सांगतों आहें.